टेकडीवरचा प्रसाद

— अडीच किलो? वाढलं? काटाच बिघडला असेल शाळेचा, सर! अहो, पीटीचे सर म्हणून तुम्हीच सांगितलंत ना, अरविंदला रोज सकाळी टेकडी चढवा, वजन उतरेल — मग महिनाभर चढतोय की! बसा ना, उभे का? बरं, नसेल बिघडला काटा. पण खातो काय तो? काही नाही हो, उपाशी जातो. वर माताजीचा प्रसाद तेवढा — आता प्रसादाला नाही कसं म्हणणार? आणि आपल्या देवासच्या टेकडीवर देव्या दोन, मोठ्या माताजीचा घेतला नि छोटीचा नाही, तर तिला काय वाटेल? चिवडा घ्या ना. घ्या हो!

केवढा म्हणजे? चिमूटभर — बरं, ओंजळभर. पेढे. आता ते पेढे — घरूनच नेतो तो. पाव किलो. म्हणजे पाव मोठीला, पाव छोटीला. पुजारी दोन-चार उचलतात, बाकीचे ‘ले भिया, माताजी का परसाद’ म्हणून ह्याच्याच हातात — त्याला मी काय करू? मी दिले असते तर तुम्ही रागावला असता, देवीला कसे रागवाल? हसू नका, सर. आणि खाली उतरला की आमचे हे सायकल घेऊन उभे — फॅक्टरीत पहिल्या पाळीला जाता जाता — पोरगं दमलं म्हणून पोहे-जिलबी! मला कालच कळलं. चांगली बोलले मी ह्यांना — घरून शिरा खाऊन निघतो तो, वर जिलबी कशाला!

— शिरा? मी शिरा म्हटलं?

वाटीभर हो. दोन वाट्या. काय करू, सर — हा एकाहत्तर साली सातव्या महिन्यात झाला, कापसात गुंडाळून ठेवला होता, रडायचीसुद्धा ताकद नव्हती त्याला. तेव्हापासून त्याचं ताट रिकामं दिसलं की मी वाढतच सुटते. भीती वाटते हो, अजून वाटते. शनिवारच्या शर्यतीत नाव घेणार नाही म्हणालात ना? काल जेवला नाही — म्हणजे जेवला, पण रडत रडत. ‘आई, मला पळायचंय, मुलं मला लाडू म्हणतात.’ मी डबा उघडून लाडूच ठेवला त्याच्या हातावर. त्यानं परत ठेवला, सर. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मग रडत रडत मीच खाल्ला.

नाव राहू द्या त्याचं. आणि उद्यापासून तुम्हीच न्या त्याला टेकडीवर. दारात येऊन हाक नका मारू — मला जाग आली की मी रवा भाजायला घेईन. कोपऱ्यावरून शिट्टी वाजवा, तो येईल. ह्यांना मी बघते. मला मात्र नाही जमायचं, सर, त्याला उपाशी धाडायला — तुम्हीच धाडा.

आता उठा. उठा हो, चिवडा राहू दे — तो आला खेळून, फाटक वाजलं. भूक लागली असेल त्याला. जा ना, सर, घेऊन जा त्याला कुठेतरी!