चार पॉइंट सहा

नाहूरच्या पार्लरमध्ये नमिता डोक्याला ओढणी गच्च गुंडाळून बसली होती. समोर जांभळ्याजर्द केसांच्या एक बाई पार्लरवाल्या श्रुतिकाशी बोलत होत्या.

"जानकीताई, हे कोणी केलं?"

"माझ्याच अतिशहाणपणाने गं! तू गावाला गेलीस, म्हणून दुसरीकडे गेले आणि रक्तगट सांगावा तसा ऐटीत केसांच्या रंगाचा नंबर सांगितला, चार पॉइंट सहा."

"कंपनी कुठली, ते विचारलंत?"

"नंबर म्हणजे नंबर ना, यार!"

"आपल्या कंपनीत पॉइंट सहा लालसर असतो, दुसऱ्या कंपनीत तोच जांभळा. शेड केसाशी लावून जुळवायची असते, नंबराने नाही."

"वाट लागली! उद्या विक्रोळीहून सर्वेशच्या घरचे आमच्या समीक्षाला बघायला येतायत. अजून नुसतं फोनवरच बोलणं झालंय. त्याची आई म्हणेल, मुलगी छान आहे, पण दारात हे वांगं कोणी उभं केलंय?"

नमिताने ओढणी सोडली. खाली केस टोमॅटोसारखे लालभडक होते.

"मीच सर्वेशची आई. मला जांभळट हवा होता हो."

"अगं बाई! आणि नंबर कुठला सांगितलात?"

"चार पॉइंट सहा."