मगरिणीची गोष्ट

नाई नाई, बसा ना भाऊ, जागा हाये — ह्या पिशव्या आमच्याच, खाली ठेवतो. पिशव्या राखाले त बसवलं हाये मले. पोरगा, सून, नात, तिघंही तिकडं संत्र्याच्या झाडाइत पोत्यात पाय घालून उड्या मारून राह्यले — म्हणजे मघा मारत होते, आता बारवेपाशी उभे हायेत अन माह्याकडं पाठ हाये. दिसले का? निळा सदरा तो रत्नदीप, माहा पोरगा. चष्मेवाली मयुरी, सून. अन मधात उभी हाये ते रक्षा, नात. बराच वेळ झाला, एक जण इकडं पाहून नाई राह्यला. अन कशावरून? एका माकडाच्या गोष्टीवरून. आता सांगा बरं.

गोष्ट म्याच सांगतली, ते खरं. पण मले उभं कोणं केलं? ह्या परिवार मेळाव्याच्या माइकवाल्या पोट्ट्यानं. म्हणे, सारे परिवार आलेत, त प्रत्येक घरच्या म्हाताऱ्यानं आंब्याखाली बसून प्राण्यांची एक गोष्ट सांगाची. ह्या बागेत, बाप्पा! माह्या आजाले मालगुजाराच्या, म्हणजे जुन्या जमीनदाराच्या, ह्या फाटकातून आत पाय टाकू देत नव्हते, अन मले म्हणे आजोबा, गादीवर बसा. जिकडं तिकडं प्लायवूडचे प्राणी उभे केलेत — बारवेपाशी सिंह अन ससा, अन बारवेवर जाळी मारून ठेवली. आता सिंह पडन कसा? विचारलं त म्हणे, सेफ्टी. असो. मले धड एकच गोष्ट येते, माकड अन मगराची. तुमाले माहीत असनच — दोघं दोस्त, माकड रोज जांभळं देते, मगराची बायको म्हणते मले त्या माकडाचं काळीज पाहिजे, अन मगर बायकोचं ऐकून दोस्ताले पाठीवर बसवून न्याले निघते. तशीच सांगतली म्या — म्हणजे थोडं मीठ-मिरची त लावतेच ना माणूस, अख्खी उमर आर्वी डेपोची एसटी चालवली, बोलाची सवय हाये. म्हटलं, मगरीण दिवसभर फोनवर राहे. म्हटलं, ते मगराचे कान भरे, का ही नदी लहान, आपण मोठ्या नदीत जाऊ, पुण्याच्या. नाई — पुण्याच्या नसन म्हटलं. म्हटलं असन त सहज निघालं तोंडातून.

आता तुम्हीच पाहा — रत्नदीपले पुण्याची नोकरी आली, वर्ध्यापेक्षा मोठी, उद्या सोमवारी त्याले हो का नाई ते कळवाचं हाये. महिनाभर घरात तेच चालू, अन मी खोलीत गेलो का दोघंही गप. काऊन गप? सून फोन घेऊन अंगणात जाते, ऑफिसचं काम म्हणते. मले काय समजत नाई का? रत्नदीपची आई गेली तवापासून वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेच्या त्या घरात दिवसभर मी अन ते पोट्टी — शाळेतून आली का मीच जेवाले वाढतो, मीच वेणी घालतो, वाकडी होते पण घालतो. ते गेली त मी काय भिंतीसंग बोलू? भेव वाटते मले, भाऊ. तुम्ही परके म्हणून सांगून टाकतो, भेव वाटते. घरी एकदाही नाई म्हटलं. म्हणाले पाहिजे होतं, मगराले मधात घालाची काय गरज होती, ते आता सुचून राह्यलं मले.

गोष्ट संपली, लोक हसले. अन रक्षा उभी झाली साऱ्याइसमोर अन विचारते, आजोबा, मगरीण चष्मा लावते का? लोक अजून हसले. लेकी बोले सुने लागे म्हणतेत ना — मी त नातीले सांगून राह्यलो होतो! बरं, सुनेलेच. मयुरी हसली नाई. भांडली असती त बरं झालं असतं, भांडणाले मी तयार होतो. ते आली, पाण्याची बाटली माह्या हातात देली अन हळूच म्हणाली, "बाबा, महिनाभर मीच ह्यांना म्हणून राह्यली, पुण्याले नाई जाचं, बाबा एकटे पडतीन. तुमाले ओझं वाटू नाई म्हणून तुमच्यासमोर बोललो नाई." बस. एवढं बोलली अन तिकडं गेली.

मंग म्या काय करू? जाऊन बोला म्हणता? काय बोलू, माफ कर बाई, तू मगरीण नाईस? सासऱ्यानं असं बोलाचं असते का? तोंड उघडतच नाई माहं, एरवी पाहा कसं चालून राह्यलं. अन पाहा, रत्नदीपनं फोन काढला. रविवारी कोणाले फोन लावून राह्यला हा? मयुरी बाजूले उभी हाये अन त्याले थांबवून नाई राह्यली. आज सकाळची गोष्ट असती त थांबवलं असतं तिनं.

थांबा, पोट्टी येऊन राह्यली पळत. ये बेटा, ये. काय म्हणतं? बाबानं फोनवर हो सांगतलं? — अन आई? आई काही बोलली का? काहीच नाई?

भाऊ, तुम्ही उठा आता. जे घरी सांगाचं होतं, ते तुमाले सांगत बसलो मी. कुठीही बसा, इथं नका बसू.