पिवळ्या स्वेटरचा गळा

प्रसूतिगृहाच्या बाकावर माझ्या शेजारी दोन अनोळखी बायका क्रोशानं तान्ह्या बाळाचे स्वेटर विणत होत्या. एक चष्मेवाल्या, एक बुरख्यातल्या. दोन्ही स्वेटर संपत आले होते. बुरख्यातल्या बाई आधी बोलल्या.

“ताई, रागावू नका, पण तुमच्या पिवळ्या स्वेटरचा गळा लहान होतोय. बाळाचं डोकं जायचं नाही.”

“चाळीस वर्षं विणतेय मी. कुणी विचारलं होतं का तुम्हाला?”

“नाही. चुकलं माझं.”

दोघींनी शेवटची गाठ मारून धागे तोडले.

“मुलीचं बाळंतपण का?” चष्मेवाल्या बाईंनी विचारलं.

“हो. आम्हाला न विचारता लग्न केलं तिनं. दोन वर्षं बोलणं बंद आहे. घरी सांगितलंय, लोकर आणायला तुळशीबागेत चाललेय.”

“मीही तेच सांगितलंय.”

“तुमचीपण मुलगी?”

“सून. तिचं तोंड बघणार नाही म्हटलं होतं मी.”

“आणि आज?”

“आज बाळाचं बघायला आलेय. तिचं नाही.”

दार उघडून सिस्टर बाहेर आल्या.

“यास्मिन आमोद परांजपे यांच्याकडचं कोण आहे? मुलगी झालीय.”

“मी!”

“मी!”

“या अल्ला! तुम्ही आमोदच्या आई?”

“अगं बाई! यास्मिन तुमची?”

“आज्जी, ओरडू नका, दवाखाना आहे हा. बाळाला घालायला काय आणलंय? दोन-दोन स्वेटर? कुठला घालू?”

दोघींनी एकमेकींच्या स्वेटरकडे पाहिलं.

“त्यांचा घाला,” चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. “माझ्या स्वेटरचा गळा लहान झालाय.”