मॅडमचा फोन

तुम्ही हसाल, पण आमच्या गार्गीची भीती एका फोननं घालवली. साक्रीहून जळगावला आलो तेव्हा ती तिसरीत होती. घरच्या अहिराणीच्या सवयीनं वर्गात तोंडातून ‘शे’ निघालं की मॅडम उभं करायच्या. “‘आहे’ म्हण!” पोरगी बोलायचीच बंद झाली.

शेवटी तिला घेऊन मी शाळेत भांडायला गेले. तोंड उघडणार, तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला.

“हा माय, बठ्ठं बरं शे. काळजी नको करू.”

फोन ठेवताना त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. माझं भांडण तोंडातच राहिलं.

बाहेर आल्यावर विचारलं, “आता नाही ना घाबरणार?”

“नाही. पण आई, लहानपणी मॅडमला कोणी उभं केलं असेल गं?”