चाकावरचे घोडे

धाकटा : एकशे एक्कावन्न? एवढेच? काकू, हा तुमचा ताकद मोजायचा डायनो नीट चालतोय ना?

काकू : माझ्या मशीनला नावं ठेवू नकोस. सकाळपासून चार गाड्या या रोलरवर पळवल्या, कुणाची तक्रार नाही.

धाकटा : अहो, पण कंपनीच्या कागदावरच एकशे पासष्ट हॉर्सपॉवर आहे! त्यावर मी टर्बो बसवला, अख्खा सायलेन्सर बदलला. घोडे वाढायचे सोडून कमी कसे झाले?

काकू : कंपनी मोजते इंजिनाच्या तोंडाशी, मी मोजते चाकावर. मधे गिअरबॉक्स आहे, शाफ्ट आहे, टायर आहेत. जो तो आपापला घास काढून घेतो. पगार हातात पडतो तेवढाच खरा, तसं हे. मागच्या वर्षी हीच गाडी, हेच रोलर, तेव्हा आले होते एकशे बेचाळीस. तुलना करायची तर त्याच्याशी कर.

धाकटा : म्हणजे नऊ? आठ महिने गाडीखाली लोळलो आणि नऊ घोडे?

ताई : झालं ना? गाडी उतरव. निघू या.

धाकटा : ताई, थांब जरा. तू बस त्या खुर्चीवर. हात दे इकडे...

ताई : हात नको. मला बसता येतं.

काकू : डावा गुडघा कसा आहे गं आता?

ताई : आहे आपला. काकू, तुमच्यासमोरच सांगते, म्हणजे नंतर हा शब्द फिरवणार नाही. आमचं ठरलंय. गाडीत खरंच दम आला असेल तर रविवारी डोंगरावरच्या शर्यतीत मी उतरणार. नसेल तर हेल्मेट माळ्यावर, कायमचं. हरायला मी भीत नाही हो. पण ऑपरेशन झालेली बिचारी म्हणून टाळ्या मिळवायच्या, ते मला सोसणार नाही.

धाकटा : काकू, ग्राफ फारच खडबडीत दिसतोय. तुमच्याकडे ते स्मूदिंग असतं ना, रेषा गुळगुळीत करायचं? जरा वाढवा की.

काकू : सगळे तेच मागतात. लग्नाच्या फोटोत रंग उजळून मागावा तसं. मी उलटं करते, शून्यावर आणते. मेकअप उतरला की खरं दुखणं दिसतं. हे बघ... अगं बाई!

ताई : काय झालं?

काकू : इकडे या दोघं. ही ताकदीची रेष. चार हजार आरपीएमपर्यंत कशी चढतेय बघा, शिडी लावल्यासारखी. आणि तिथून पुढे नुसते करवतीचे दात. थांबा, मागच्या वर्षीची रेष हिच्यावर टाकते. चार हजारला तेव्हा होते नव्वद. आज?

धाकटा : एकशे... एकशे तीस! काकू, तिथेच एकशे तीस आहेत!

काकू : ओरडू नकोस, कान शाबूत आहेत माझे. मग पुढे घोडं पेंड कुठे खातंय? ही वरची रेष इंजिनाच्या फेऱ्यांची, ही खालची रोलरच्या वेगाची. दोघींनी हातात हात घालून चढायला हवं. चार हजारनंतर बघ, इंजिन सुसाट आणि चाकं मागेच.

ताई : क्लच घसरतोय.

काकू : शाब्बास! आणि मघाशी जळका वास आला तर हा म्हणतो टायरचा आहे.

ताई : मग एकशे एक्कावन्न हा आकडा...

काकू : इंजिनाचा नाहीच! क्लचला जेवढं धरून ठेवता आलं तेवढ्याचा आहे. नाकापेक्षा मोती जड झालाय, पोरी! या इंजिनात किती आहे ते माझ्या मशीनने अजून पाहिलेलंच नाही!

धाकटा : मी म्हणत होतो! म्हणत होतो की नाही! ताई, अगं...

ताई : एक मिनिट. क्लच घसरेल कसा? मी तुला कडक क्लच आणून दिला होता, दुप्पट जोर धरणारा. बसवला म्हणालास.

काकू : मग कुठे आहे रे तो क्लच?

धाकटा : डिकीत आहे.

ताई : काय?

धाकटा : खोक्यात. बसवला होता गं, आईशपथ. पण दाबून पाहिला तर माझीच मांडी भरून आली. आणि त्याच संध्याकाळी तू जिना चढत होतीस. एक पाय वर, मग दुसरा ओढून त्याच पायरीवर, मग कठडा धरून थांबायचं. मला बघवेना. काढला आणि जुना मऊ क्लच परत घातला. म्हटलं, निभेल.

ताई : आणि मला सांगितलं नाहीस.

धाकटा : सांगितलं असतं तर कडकच घाल म्हणाली असतीस.

ताई : म्हणालेच असते! पाय माझा आहे, त्याला काय झेपतं ते मी बघीन. मला खुर्ची देतोस, हात देतोस, आता गाडीसुद्धा मऊ करून देतोस. मी काय काचेची आहे?

काकू : ए, भांडण बाहेर. आणि बाहेर जाताच आहात, तर तिथे माझा जुना टेम्पो उभा आहे. त्याच्या क्लचला आमचा ड्रायव्हर रोज शिव्या घालतो. त्या खोक्यातल्यापेक्षा नक्कीच कडक. पोरी, चप्पल काढून बस आणि दाबून दाखव.

धाकटा : काकू, अहो, डॉक्टरांनी...

ताई : डॉक्टरांनी गाडी चालव म्हणून सांगितलंय. सरक.

धाकटा : हळू. हळू गं. काकू, तिचा चेहरा बघा. ताई, पुरे झालं!

ताई : गप्प बस. परत दाबते.

काकू : दुखतंय?

ताई : दुखतंय. पण जातोय खाली. पार तळापर्यंत. काकू, जातोय!

काकू : धरून ठेव. धर... धर... आता सोड, हळूच. वा गं वा! आमच्या ड्रायव्हरला उद्या बोलावते तुझ्याकडे शिकवणीला.

ताई : हे एवढंच तर हवंय. शर्यतीत गिअर बदलण्यापुरता पाय लागतो, ट्रॅफिकमध्ये तासन्‌तास रांगायचं नसतं. काढ ते खोकं डिकीतून.

काकू : गाडी उचलायची लिफ्ट रिकामी आहे, बसवा इथेच. पण लगेच रोलरवर घेणार नाही हं. नवा क्लच आधी दोन दिवस गोडीगुलाबीने चालवायचा, बसू द्यायचा. जोर नंतर.

धाकटा : मी चालवतो दोन दिवस.

ताई : मी चालवणार. ट्रॅफिकमध्ये.

(दोन दिवसांनी. तीच खोली. गाडी पट्ट्यांनी जखडलेली, समोरचा मोठा पंखा घोंघावतोय. या वेळी स्टिअरिंगवर ताई.)

काकू : चौथा गिअर. मी हात वर केला की ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा, आणि खाली करेपर्यंत सोडायचा नाही. अरे, तू काय तिच्या खिडकीला लटकलायस? इकडे ये.

धाकटा : ताई, पाय दुखला तर लगेच...

ताई : काच वर करतेय. बोटं सांभाळ.

काकू : तयार? आत्ता!

धाकटा : तीन हजार... साडेतीन... काकू, चार हजार! पार केलं! रेष तुटली नाही!

काकू : बघतेय मी, बघतेय!

धाकटा : एकशे साठ! ऐंशी! दोन्ही रेषा बरोबर आहेत! काकू, दोनशे! दोनशे चार!

काकू : सोड! सोड गं आता! आणि तू माझा खांदा सोड, उखडशील.

धाकटा : दोनशे चार! तेही चाकावर! आणि स्मूदिंग शून्य! करवतीचा एक दात नाही! ताई, रविवारी बघच तू! ऐकतेयस का?

काकू : पंखा बंद करू दे आधी. तिला ऐकू तरी येऊ दे.

ताई : आलं ऐकू. आकड्याच्या आधी सीटमध्येच कळलं मला.

धाकटा : मग बसलीस काय? ये ना खाली, ग्राफ बघ!

ताई : येते. दार उघड. आणि हात दे, पाय आखडलाय.