शेपूट येईपर्यंत

— बसा हो काकू, बसा, इतक्यात नाही निघायचं. सॅक त्या बाकावर ठेवा, तिथे कोरडं आहे — पुढच्या बसने आमचा एक माणूस यायचाय. आपण आलो ती बस चुकली असेल त्याची. चुकते कधी कधी, त्यात काय मोठंसं. बूट नवे आहेत का तुमचे? मग नाडी अशी नका बांधू, उतारावर अंगठे बोंब मारतील. बोटांपाशी सैल आणि घोट्यापाशी घट्ट — हां, अशी. टाच घासतेय का? आत्तापासूनच? बघू या पुढे. वाचनालयातल्या फळ्यावर वाचलंत ना तुम्ही? तो कागद माझाच. ‘गाडी नको, बस पुरे — जंगलातून समुद्रापर्यंत.’ अक्षर माझं, झाडाचं चित्र त्याचं. त्याचं म्हणजे शेपटाचं. हसू नका, आमच्यात नावं अशीच आहेत. मी पुढची आणि तो शेपूट.

काय आहे, पंधरा-वीस माणसं जंगलात घेऊन जायची म्हटली की दोनच माणसं कामाची. एक सगळ्यांच्या पुढे, तिला वाट ठाऊक. एक सगळ्यांच्या मागे, त्याच्या मागे कुणी राहायचं नाही. मधले बाकी फुलं बघोत, भांडोत, गाणी म्हणोत. आणि जिथे वाट फुटते ना, त्या प्रत्येक फाट्यावर मी थांबते, वळून बघते. शेवटचा माणूस वळणावर दिसला की तो उजवा हात सरळ वर करतो — असा. म्हणजे सगळे आहेत, चल पुढे. मग मी चालायला लागते. ओरडायचं नाही, शिट्टी नाही, पाखरं उडतात. नुसता हात. एवढीच आमची भाषा. किती फाटे आहेत या वाटेवर? पुष्कळ आहेत. प्रत्येक फाट्यावर वळून बघायचं आणि प्रत्येक फाट्यावर हात वर झालेला — तुम्हाला सांगते काकू, आठवडाभर मी पाणीपुरवठ्याच्या लॅबमध्ये गढूळ बाटल्या उजेडासमोर धरून बसते, आणि रविवारी त्या हातासाठी — म्हणजे, चालण्यासाठी — मी जगते असं म्हणा.

नाही, गाडी का नको ते सांगते. सगळे तेच विचारतात, तुम्ही विचारलं नाहीत हे तुमचं मोठेपण. गाडीने जंगलात जाणं म्हणजे बूट घालून आंघोळ करणं. आणि दुसरं — गाडीवाल्याला जिथून निघाला तिथेच परत यावं लागतं. का? तर गाडी तिथे उभी आहे ना. कुत्र्याला खुंटीला बांधतात ना, तसा तो त्या गाडीला बांधलेला. त्याची प्रत्येक वाट गोल. आपलं तसं नाही. आपण इथे झाडांत उतरतो, तिकडे सुरूच्या बनात वाट संपते, पुढे वाळू, पुढे समुद्र, आणि परतीची बस तिथूनच. मागे यायचंच नाही. सकाळी जी झाडं मागे पडली ती पडली. आणि तिसरं — बसमध्ये माणसं दिसली नाहीत की बस बंद करतात, मग वर तोंड करून म्हणतात, बघा, गाडीशिवाय इलाज नाही. अहो, इलाज तुम्हीच मोडलात. मी जास्त बोलतेय का? आमचा भाऊ म्हणतो, तुझ्याशी बोलायचं म्हणजे सभेला बसायचं.

बाकीचे? — बाकीचे आता वेगळे जातात. जाऊ दे. म्हणजे जातात ते चांगलंच आहे, चालणं महत्त्वाचं.

तर शेपूट. त्याचं काय, तो नकाशांच्या कचेरीत काम करतो आणि स्वतः कुठल्याही गल्लीत हरवतो. म्हणून तर मागे. आम्ही दोघांनीच सुरू केलं हे सगळं, कॉलेज संपल्या संपल्या. पण गंमत बघा, इतकी वर्षं एका वाटेवर चाललो आणि एकदाही शेजारी चाललो नाही. कसे चालणार? मी पुढे, तो मागे, मधे सगळी वरात. नियमच तसा. नियम कुणी केला? मीच. बोलणं व्हायचं ते परतीच्या बसमध्ये. समुद्रावरून दमलेली माणसं, बस हलली की माना टाकतात. आम्ही दोघंच जागे, अगदी मागच्या बाकावर, पायांत वाळू, खिडकी उघडी — पुढे काय दिसलं ते मी सांगायचं, मागे काय घडलं ते त्याने. तो म्हणायचा, तू बघतेस ते जंगल वेगळं आणि माझं वेगळं, दोन्ही एकच होती हे बसमध्ये चढल्यावर कळतं. आता असं कुणी म्हणालं तर माणसाने काय समजायचं? तुम्ही काय समजला असतात? — तेच. मीही तेच समजले.

मग डॉक्टरबाई आल्या. दातांची डॉक्टर, आणि मोडलेला गुडघा. पहिल्याच दिवशी सगळे म्हणाले, हिला जमणार नाही. मी म्हणाले, का नाही जमणार? बस सगळ्यांची, वाट सगळ्यांची. मोठं भाषण केलं मी इथेच, याच बाकाशी उभं राहून. आणि शेपटाला बाजूला घेऊन सांगितलं, ही सगळ्यांत हळू आहे, हिला तुझ्यासमोर ठेव, काही झालं तरी हिला सोडायचं नाही. हे माझे शब्द, काकू. काही झालं तरी सोडायचं नाही. भला माणूस, त्याने ऐकलं.

मग फाट्यांवर वेळ लागायला लागला. मी उभी, पाण्याची बाटली संपली, मधले कुरकुरतायत, आणि वळणावर कुणी नाही. मला वाटायचं गुडघा. होता, गुडघाही होता. मग एकदाचा हात दिसायचा आणि मला इतकं बरं वाटायचं की विचारायचं राहूनच जायचं. बसमध्ये तो सांगायचा — डॉक्टर म्हणाल्या, झाडांनाही दात असते तर त्यांनी पानं अशी वाया घालवली नसती. मी हसायचे. मग ‘डॉक्टर म्हणाल्या’चं ‘ती म्हणाली’ झालं. मला वाटलं शेपटाचा अहवाल चाललाय. दिवसभर पाण्यातला गाळ शोधणारी बाई मी, आणि समोरच्या बाटलीत मला काही दिसेना. मग एका रविवारी परतीच्या बसमध्ये तोही झोपला. कुणाच्या खांद्यावर, ते काही सांगायला नको. मी एकटी जागी. ड्रायव्हरमामा आरशातून बघून म्हणाले, काय ताई, आज भाषण नाही वाटतं.

नाही हो, कसली रडतेय. खारा वारा आहे. इथपर्यंत येतो तो, झाडांतून.

लग्न साधंच केलं त्यांनी, नोंदणीचं. साक्षीदार म्हणून सही केली मी. त्यानेच विचारलं, तू नाही तर कोण — आणि खरंच, मी नाही तर कोण? मीच तर तिला त्याच्या हवाली केलं होतं. पेन चालेना तर त्याने स्वतःचं दिलं. ते माझ्याकडेच राहिलंय, परत करायचंय.

आणि मग गाडी घेतली. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तिचं, बसची पायरी उंच पडते — मान्य. मला काय माणुसकी नाही? पण मग रविवारीही गाडी. दोघं गाडीने इथे येणार, मग बाकीच्यांतले चार जण म्हणाले आम्हालाही घ्या, मग दुसऱ्याने आपली काढली. मी सगळ्यांसमोर म्हणाले, गाडीने येणार त्याने आमच्याबरोबर चालायचं नाही. तो म्हणाला, अगं, नियम माणसांसाठी असतात. मी म्हणाले, माणसंच नियमासाठी असतात. अहो, रागात तोंडाला येईल ते बोलतो माणूस. पण तोंडातून गेलं ते गेलं. सगळे त्याच्या बाजूने गेले, आणि ती — ती एकटी माझ्या बाजूने बोलली. म्हणाली, तिचं बरोबर आहे, आपणच नको येऊ या. तिने तरी निदान वाईट असायचं होतं ना. मग मला सोपं गेलं असतं.

मी चूक नाहीये पण. गाडीच्या बाबतीत नाहीये. ते लक्षात ठेवा.

म्हणून मग गेल्या आठवड्यात मी त्याला निरोप पाठवला. एकदा ये. शेवटचं. बसने ये, एकटा ये — एकटा म्हणजे गाडीशिवाय, मला म्हणायचं होतं. या वेळी पुढे-मागे कुणी नाही, दोघं शेजारी चालू, असं लिहिलं. तो कागद फळ्यावरून काढायचा राहिला, त्यामुळे तुम्ही बसमधून माझ्यामागे उतरलात तेव्हा खरं सांगते, मनात म्हटलं, अरे देवा, ही कोण आता. रागावू नका. बरं झालं आलात. एकटीने वाट बघणं म्हणजे — तुम्ही आहात तर निदान आपण गप्पा मारतोय असं दिसतंय.

उत्तर आलं ना. लगेच आलं. ‘नक्की येतो.’ एवढंच. आता यात न येण्यासारखं काय आहे? बस चुकली असेल. तो नेहमी —

आली. ऐकू येतंय? चढावर गिअर बदलला की असं कण्हते ती. बसा, बसा, मीच उठते. केस ठीक आहेत ना माझे? — दार उघडलं. ती पिशवीवाली बाई उतरली. आणि — नाही, तो कंडक्टर. मामा, मागे कुणी झोपलंय का? नीट बघा ना, मागच्या बाकावर. नाही? बरं. बरं, जाऊ द्या. निघा तुम्ही.

गेली.

आता अजून एक आहे. पण ती दुपारची. तुम्ही पाणी प्या काकू. ती मागून येतेय ती बस नाही, ती — रंग कोणता आहे? तुम्हीच बघा, मी तिकडे नाही बघत. पांढरी? मग त्यांचीच गाडी. कितीजण आहेत? दोघं. थांबली का? आता तो फिरून जाऊन तिच्या बाजूचं दार उघडेल. उघडलं ना. काठी आहे तिच्या हातात? बूट बघा, पायांत बूट आहेत का, चालायचे? दोघांच्याही? म्हणजे चालायला आलेत. माझ्यासाठी आलेत. तिनेच म्हटलं असेल, एवढं बोलावलंय तर आपण दोघंही जाऊ.

तो काय करतोय? — हात वर? कोणता, उजवा? सरळ, असा?

हं. म्हणजे सगळे आले.

इतकी वर्षं मी तो हात माझ्यासाठी समजत होते, काकू. तो मोजणीचा होता. मागे कुणी राहिलं नाही, एवढंच तो सांगत होता.

उठा तुम्ही. नाही, माझ्याबरोबर नको, तुमच्या टाचेला फोड आलाय, मघाशीच पाहिला मी. त्यांच्या गाडीत बसा, सडक फिरून समुद्रापर्यंत जाते, तुम्हाला समुद्र तरी दिसेल. चांगली माणसं आहेत हो, खरंच चांगली आहेत, तीच तर पंचाईत आहे. हे पेन द्या त्याला. म्हणावं, पुढची पुढे गेली. आणि म्हणावं, हात खाली घे, फाट्यावर कुणी वळून बघणार नाहीये.

जा ना. बघताय काय माझ्याकडे — जा.