कपाटातली ऑटोमॅटिक

हॅलो?… हॅलो, कोण?… जरा मोठ्यानं बोल… ब्रिट? इंगा लोकेनची ब्रिट? अगं, बरं झालं फोन केलास! आता मी जे सांगणार आहे ना, त्यावर अख्ख्या मिनेसोटात कुणी विश्वास ठेवणार नाही. माझ्या अंगणात शेरीफच्या पोलिसगाड्या उभ्या आहेत. सहा!… हो, सहा. दिवे असे गरगरतायत की बर्फसुद्धा जांभळा दिसतोय… काय? तीन?… बरं, तीन. पण तुला गं काय ठाऊक?… पहिल्या गाडीत तू आहेस?

अरे देवा.

हो… हो, स्वयंपाकघरात. एकटाच. आमची आर्डिस चर्चमध्ये गेलीय, कालच्या गावसभेची कॉफीची भांडी घासायला… खिडकीशी? येतो, पण फोनची तार पुरायला हवी… आलो. हात? दोन्ही? मग फोन कशानं धरू?… थांब, मानेत धरला. दिसले? डावा थरथरतोय तो वयानं. उजवा तुमच्यामुळे.

ब्रिट, पोरी, तो लाल दाढीवाला कोण गं? गाडीच्या दाराआडून माझ्यावर बंदूक रोखलीय त्यानं… नवीन आहे? मग त्याला सांग ना, हा सेल्मर टवेट आहे म्हणून! लहानपणी तुला गोष्टी सांगायचा तो सेल्मरकाका… सांगितलंस? मग खाली का करत नाही?

काय आहे माझ्याकडे?… मशीनगन?!

कोण म्हणालं?… मी? मी कधी म्हणालो?… काल, सभेत. हं… हं… अगं नाही, ऐक ना, मी ‘ऑटोमॅटिक’ म्हणालो! कपाटात एक ऑटोमॅटिक आहे म्हणालो. मशीनगन हा शब्द माझ्या तोंडातून… तेच? तेच कसं असेल! अगं, आमच्या तरुणपणी त्या चपट्या पिस्तुलाला सगळे ऑटोमॅटिकच म्हणायचे. चाप ओढला की एक गोळी. एकच! पुढची आपोआप नळीत येऊन बसते, म्हणून ऑटोमॅटिक. पण सुटायला पुन्हा चाप ओढावा लागतो… नाही, दाबून धरला तर धडधडत नाही. धडधडतंय ते माझं काळीज.

कुणी कळवलं? त्या तळ्याकाठच्या नव्या बाईंनी? प्रेंटिसबाईंनी?… बोलू नकोस, कळलं.

नाही, रागावलो नाही. त्यांची तरी काय चूक? शाळेत शिकवतात बिचाऱ्या. कुणी बंदूक घेऊन शाळेत शिरलं तर म्हणून दिवे घालवून, मुलांना भिंतीशी बसवून गप्प राहायची तालीम घेतात. त्या काल उठून गावाच्या बंदुकांवरच्या नव्या नियमाविषयी बोलायला लागल्या. घाबरलेल्याच होत्या, हातातला कागद वाजत होता. गोळ्यांच्या डबीला ‘क्लिप’ म्हणाल्या, तर लगेच तो ओरिन बाके मागून ओरडला, “क्लिप नव्हे बाई, मॅगझिन! आधी नावं शिका, मग बंदी घाला!” निम्मा हॉल हसला. त्या म्हणाल्या, बरं, मॅगझिनवर बंदी. तर ग्रंथालयातली व्हर्ना दचकून उठली, “आमच्या वाचनालयानं काय केलंय?” मग उरलेला निम्माही हसला. बाई तेवढ्या हसल्या नाहीत… आणि मग मी उठलो. हो, मीच. सगळे हसत होते ना, मलाही राहवलं नाही.

पाइनचं झाड? ते… हो, म्हणालो असेन. त्या ऑटोमॅटिकनं एका दमात झाड आडवं केलं असं… अगं, ते बोलण्याच्या भरात! झाड वादळानं पडलं, तू पाहिलंस की!

हो, हो. नाही, हलत नाही… विचार… मॅगझिन? आहेत ना. संडासात… तीन. नाही, चार… भरलेली? भरलेलीच असतात, कोरी कोण ठेवेल?… अगं, हे सगळे खाली का बसले? ब्रिट! दाढीवाला दिसेनासा झाला! काय बोललो मी?… माशांची गं! मासेमारीची! गळ, होड्या, रंगीत चित्रं, वाचायची मॅगझिनं! आर्डिसला विचार, ती रोज ओरडते, बाहेर ये म्हणून!… शपथ. इंगाची शपथ. आता त्यांना उठायला सांग… एवढंच डोकं काढलंय त्यानं. आणि बंदूक.

मला भीती वाटतेय, ब्रिट. खरंच. शिंक आली तरी हा माणूस गोळी घालेल.

पिस्तूल?… हो, आहे. म्हणजे… आर्डिसच्या कपाटात, वरच्या फळीवर. फ्लॅनेलच्या फडक्यात गुंडाळलंय. मामानं युद्धावरून आणलं… नाही, मी आणायला जात नाही! तुम्ही येणार?… कोण कोण? तोपण?… नको, नको! घरात नको. अगं, त्या कपाटाला कुणी हात लावलेला तिला खपत नाही… लपवत नाहीये! फक्त… ते तिथं नसेलही. म्हणजे आहे. पण जागा बदलली असेल… ब्रिट, असा आवाज काढू नकोस. मी नाही म्हटलं तर म्हणाल लपवलं. हो म्हटलं तर बंदुका घेऊन आत याल. मी बोलू तरी काय?… दार उघडं आहे. पण सावकाश. देवासाठी सावकाश…

थांब! थांब, ती कोण येतेय? निळा कोट… आर्डिस! ब्रिट, अडव तिला! ती थेट मधूनच चाललीय, हातात भांडं आहे, काळं भांडं! दाढीवाल्याला सांग ते कॉफीचं भांडं आहे! सांग आधी!… धरलंस? हुश्श. अडवलीस… काय म्हणतेय ती? दात-ओठ खातेय, इथून दिसतंय… काय झालं म्हणून विचारतेय? मग सांग, तिच्यापासून काय लपवायचं… तो बोलायचा भोंगा कशाला घेतला तिनं तुझ्या हातातून? अगं, नको देऊस! सगळी गल्ली बाहेर आलीय! ओरिन बाकेसुद्धा…

……

ऐकलं. इथं काचा हलल्या, ऐकू न यायला काय झालं… हो. फडक्यात लेफ्साचं लाटणं आहे. बटाट्याच्या पोळ्या लाटायचं. तिच्या आईचं… मामा? मामा युद्धावर नव्हता गेला. त्याच्या पायांचे तळवे सपाट, म्हणून सैन्यात घेतलंच नाही… फटाका वाजला तरी मी पलंगाखाली जातो हेही सांगितलं तिनं? बरं. सांगू दे.

कोण हसलं?… प्रेंटिसबाई? त्यापण आल्यात?… हसू दे, हसू दे बिचाऱ्यांना.

पण ब्रिट… दाढीवाला हसत नाहीये. बंदूक अजून वरच आहे. त्याला नीट ऐकू गेलं नसेल गं… तिला म्हणावं, ते शेवटचं पुन्हा एकदा म्हण. भोंग्यातून. “माझा नवरा एक नंबरचा खोटारडा आहे” ते… हो, तेच. मोठ्यानं, आर्डिस! अजून मोठ्यानं!